लांबच्या गाडीचं तिकीट: वाचकांचे प्रश्न, खिडकीमागून उत्तरं

रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी पार पडली. आता निवृत्त झाल्यामुळे साहेबाची भीती नाही, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते. ‘लांबच्या प्रवासाचं तिकीट कमी पैशात कसं काढावं’ यावर प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात छापलं होतं. पत्रं भरपूर आली. बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरणारी होती, त्यांतली निवडून इथे घेतली आहेत.

माझी मुलगी कोलकात्याला शिकते. दर सुट्टीला येणं-जाणं असतं. विमानाचं तिकीट लवकर काढलं की स्वस्त पडतं. तसं रेल्वेचं चार महिने आधी काढून ठेवलं तर किती पैसे वाचतील? ती अकोल्याहून आझाद हिंदने जाते. (एक पालक, अकोला)

एक रुपयाही वाचणार नाही. आणि चार महिने आधी तिकीट मिळणारही नाही. १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, तीही प्रवासाचा दिवस सोडून.

साध्या मेल-एक्स्प्रेस आणि सुपरफास्ट गाड्यांचं भाडं अंतरावर आणि वर्गावर ठरतं. पहिल्या दिवशी सकाळी आठला काढणाऱ्याला स्लीपर जेवढ्याला पडतो, तेवढ्यालाच तो शेवटच्या आठवड्यात काढणाऱ्यालाही पडतो. फरक एवढाच, की शेवटच्या आठवड्यात तो शिल्लक नसतो. मग माणूस तत्काळला जातो, एजंटाकडे जातो, नाहीतर स्लीपर सोडून टू टायर एसी घेतो. जास्तीचे पैसे जातात ते तिथे. माझ्यासमोर रांगेत उभे राहणारे लोक कायम ‘स्वस्त काही आहे का?’ विचारायचे. मी म्हणायचे, भाडं तेच आहे हो, वरचा खर्च तेवढा टाळा.

याला एक अपवाद आहे: राजधानी, शताब्दी आणि दुरांतो. ९ सप्टेंबर २०१६पासून या गाड्यांच्या बहुतेक वर्गांना फ्लेक्सी भाडं आहे. पहिल्या दहा टक्के जागा मूळ भाड्याने जातात. पुढच्या प्रत्येक दहा टक्क्यांना मूळ भाडं दहा टक्क्यांनी चढतं, ते जास्तीत जास्त १.४ पटीपर्यंत. मुंबई-हावडा किंवा नागपूर-मुंबई दुरांतोने जायचं असेल तर तुमचं विमानाचं गणित लागू पडतं. तिथे आरक्षण उघडलं की लगेच तिकीट काढण्यात खरंच पैसे वाचतात.

आता आझाद हिंदबद्दल. इथे अकोल्याचे लोक हमखास चुकतात. ही गाडी पुण्याहून संध्याकाळी सुटते आणि अकोल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे येते. साठ दिवस मोजायचे ते गाडी मूळ स्टेशनातून सुटते त्या तारखेपासून. मुलगी २० मेच्या पहाटे अकोल्याला गाडीत बसणार असेल, तर ती गाडी पुण्याहून १९ मेला निघालेली असते. म्हणजे आरक्षण २० मार्चला सकाळी आठला उघडणार. तुम्ही २० मेपासून मोजून २१ मार्चला लॅपटॉप उघडलात तर एक अख्खा दिवस उशीर झाला. सुट्टीच्या दिवसांत एका दिवसात स्लीपरची पाटी वेटिंगवर जाते. तत्काळलाही हाच हिशेब लागतो.

तारखेचा आणखी एक घोळ मध्यरात्रीच्या गाड्यांचा. गाडी रात्री १२ वाजून १५ मिनिटांनी असेल आणि ‘११ तारखेच्या रात्री निघायचं’ असं घरात ठरलं असेल, तर तिकिटावर १२ तारीख हवी. खिडकीवर असताना असा फॉर्म आला की मी फॉर्म उलटा करून समोर ठेवायचे आणि विचारायचे, ‘तुम्ही घरातून कुठल्या तारखेला जेवून निघणार?’ तेव्हा लोकांच्या लक्षात यायचं. मोबाईलवर असं कोणी विचारत नाही. त्यामुळे पैसे भरायच्या आधी तारीख स्वतःच मोठ्याने वाचा.

आम्ही परभणीहून सचखंडने दिल्लीला जाणार आहोत. आम्ही दोघं, आई-वडील, ९ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा. एजंट माणशी वेगळे पैसे मागतो. मोबाईलवर काढलं तर तिथेही फी कापतात म्हणे. नक्की स्वस्त काय? (एक वाचक, परभणी)

सगळ्यात स्वस्त खिडकी. तिथे ऑनलाइनची सुविधा फी नाही. पण खिडकीपर्यंत जायचं रिक्षाभाडं आणि बुडालेली अर्धी रजाही धरा. आयआरसीटीसीवर, म्हणजे रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटांच्या साइटवर, यूपीआयने पैसे भरले तर बिगर-एसीला १० आणि एसीला २० रुपये अधिक जीएसटी लागतो. कार्डाने किंवा नेट बँकिंगने भरले तर १५ आणि ३० अधिक जीएसटी. ही फी तिकिटामागे आहे, माणसामागे नाही. म्हणून तुम्हा सगळ्यांचं एकच तिकीट काढा. एका तिकिटावर सहा प्रवासी बसतात, तत्काळमध्ये फक्त चार. तिकीट रद्द केलं तर ही फी परत मिळत नाही.

चार वर्षांच्या मुलाला तिकीट लागत नाही, मात्र त्याला वेगळा बर्थही मिळत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. ‘नो बर्थ’ लिहिलंत तर अर्धं. दिल्लीपर्यंत जायचंय आणि मुलगी नऊ वर्षांची आहे, तेव्हा माझा सल्ला विचाराल तर बर्थ घ्या. अर्धं भाडं वाचवून रात्रभर तिला मांडीवर घेऊन बसलेले बाप मी पाहिलेत. उतरल्यावर त्यांची पाठ त्यांना सगळा हिशेब सांगते.

आई-वडिलांसाठी मात्र एक वेगळा विचार करून पाहा. ज्येष्ठांना आणि ४५ वर्षांवरच्या महिलांना खालच्या बर्थचा स्वतंत्र कोटा असतो. तो एकट्याने किंवा दोघांनी काढलेल्या तिकिटाला मिळतो, सहा जणांच्या तिकिटात बसत नाही. वडिलांचं वय ६० पूर्ण असेल तर त्या दोघांचं वेगळं तिकीट काढा. फी एकदा जास्त जाईल, पण आईला मधल्या बर्थवर चढावं लागणार नाही. इथे दहा-वीस रुपयांकडे बघू नये.

एजंटाबद्दल काय लिहू? खिडकीवरच्या रांगेतही ते असायचे आणि त्यांचे फॉर्म आमच्या घरच्यांपेक्षा नीट भरलेले असायचे. पण आता आरक्षण उघडण्याच्या पहिल्या वेळात ऑनलाइन तिकीट आधार पडताळणी झालेल्या खात्यालाच मिळतं. तेव्हा तुमचं स्वतःचं खातं आधारशी जोडा. सहा जणांची नावं आणि वयं त्यात आधीच भरून ठेवा. आठ वाजता फक्त गाडी, तारीख, वर्ग आणि पैसे एवढंच उरलं पाहिजे.

कोल्हापूर ते दिल्ली थेट तिकीट महाग वाटतं. कोल्हापूर-पुणे एक आणि पुणे-दिल्ली दुसरं असं तोडून काढलं तर स्वस्त पडतं, असं मित्र सांगतो. खरं का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

मित्राला चहा पाजा आणि हे वाचून दाखवा. आपल्या रेल्वेत जवळजवळ नेहमी उलट होतं. अंतर वाढत जातं तसा किलोमीटरमागचा दर कमी होत जातो. पहिल्या दोनशे किलोमीटरला जो दर पडतो, त्यापेक्षा हजारानंतरच्या दोनशेला कमी पडतो. तिकीट तोडलं की दुसरं तिकीट पुन्हा पहिल्या, महागड्या किलोमीटरपासून सुरू होतं.

शिवाय आरक्षण शुल्क दोनदा लागतं: स्लीपरला २०, थ्री टायर एसीला ४०. सुपरफास्टचा अधिभारही दोनदा: स्लीपरला ३०, थ्री टायरला ४५. ऑनलाइन फीही दोनदा. आणि एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. स्लीपरचं किमान २०० किलोमीटरचं आणि थ्री टायर एसीचं किमान ३०० किलोमीटरचं भाडं घेतात. मधला तुकडा छोटा असला तर न केलेल्या प्रवासाचेही पैसे जातात.

तोडण्यात अर्थ तेव्हाच आहे जेव्हा थेट गाडीत जागाच नाही, किंवा थेट गाडी तुमच्या दिवशी नाही. कोल्हापूरहून निजामुद्दीनला जाणारी गाडी रोज नाही, त्यामुळे तुमच्यावर ती वेळ येऊ शकते. तसं झालं तर दोन्ही तिकिटांचे पीएनआर, म्हणजे तिकिटावरचे आरक्षण क्रमांक, एकमेकांना जोडून घ्या. आयआरसीटीसीवर तशी सोय आहे, खिडकीवरही होतं. मग पहिली गाडी उशिरा पोचून दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे रद्द करण्याची कपात न होता परत मागता येतात. जोडले नसतील तर ‘गाडी चुकली’ एवढंच.

एक छोटी बचत राहिली. गाडीचा क्रमांक १२, २० किंवा २२ने सुरू होत असेल तर ती सुपरफास्ट. त्याच मार्गावर ११ने सुरू होणारी साधी एक्स्प्रेस असेल आणि दोन-तीन तास जास्त चालणार असतील तर अधिभार वाचतो. क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ती विशेष गाडी. तिचं भाडं बहुतेकदा नेहमीच्या गाडीपेक्षा जास्त असतं आणि वेळेचं काही सांगता येत नाही.

जळगावहून वाराणसीला जायचंय. स्क्रीनवर ‘आरएलडब्ल्यूएल २२’ येतं. आमच्या शेजाऱ्यांचं मागे वेटिंग ६० असूनही कन्फर्म झालं होतं. आमचं तर २२च आहे, होईल ना? (एक वाचक, जळगाव)

आकड्यावर जाऊ नका, आधीची अक्षरं वाचा. शेजाऱ्यांचं बहुधा जीएनडब्ल्यूएल असणार. म्हणजे साधारण कोट्यातलं वेटिंग, जे गाडीच्या मूळ स्टेशनातून किंवा त्याच्या आसपासहून निघणाऱ्यांना मिळतं. त्या कोट्यात बर्थ सगळ्यात जास्त. त्यामुळे रद्द होणारी तिकिटंही जास्त आणि यादी भराभर सरकते.

आरएलडब्ल्यूएल म्हणजे मधल्या एखाद्या मोठ्या स्टेशनाला दिलेल्या थोड्याशा बर्थवरचं वेटिंग. त्या थोड्या बर्थांपैकी कोणी रद्द केलं तरच तुमचा नंबर पुढे जाणार. पीक्यूडब्ल्यूएल म्हणजे अनेक छोट्या स्टेशनांत वाटून दिलेला सामायिक कोटा, त्याचीही तीच गत. एवढ्या लहान कोट्यात २२ म्हणजे मी तरी आशा धरणार नाही.

याला उपाय आहे आणि तो पूर्ण नियमात बसतो. तीच गाडी, तीच तारीख, पण चढण्याचं स्टेशन मूळ स्टेशन घालून बघा. म्हणजे मुंबई ते वाराणसी. तिथे जागा दिसत असेल, निदान आरएसी (एका बर्थवर दोघांनी बसायचं तिकीट) किंवा जीएनडब्ल्यूएलमधला छोटा आकडा असेल, तर तिकीट मुंबईपासूनचं काढा आणि बोर्डिंग पॉइंट जळगाव करा. तिकीट काढतानाच तो रकाना असतो. वरचे पैसे पडतील, पण वर लिहिलं तसं लांबच्या तिकिटात किलोमीटरमागचा दर उतरत जातो, म्हणून फरक अंतराच्या मानाने कमी असतो. तो तत्काळच्या खर्चाशी ताडून बघा आणि मग ठरवा. बोर्डिंग मात्र विसरू नका. ते न बदलता तुम्ही मुंबईला बसला नाहीत तर टीसी बर्थ दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. बोर्डिंग बदलल्यावर मूळ स्टेशनातून चढायचा हक्क राहत नाही.

मूळ स्टेशनाची तारीख बघायला विसरू नका. पहिल्या उत्तरातला घोळ इथेही होतो.

‘वेटिंगवरच चढू, आत टीसीला भेटू’ हा जुना मार्ग आता बंद समजा. ऑनलाइन तिकीट चार्ट, म्हणजे प्रवाशांची शेवटची यादी, झाल्यावरही पूर्ण वेटिंगमध्ये असेल तर ते आपोआप रद्द होतं. खिडकीवरच्या वेटिंग तिकिटालाही १ मे २०२५पासून स्लीपर किंवा एसी डब्यात थारा नाही, फक्त जनरल. खिडकीचं वेटिंग तिकीट आपोआप रद्द होत नाही हेही लक्षात ठेवा. गाडी सुटायच्या निदान अर्धा तास आधी ते परत करावं लागतं, नाहीतर पैसे गेले.

२०२५च्या जुलैपासून चार्ट गाडी सुटायच्या किमान आठ तास आधी लागतो. पूर्वी चार तास आधी लागायचा. त्यामुळे आता निकाल लवकर कळतो आणि दुसरं काही बघायला वेळ मिळतो. चार्टनंतर उरलेल्या जागा ‘करंट’ म्हणून त्याच भाड्याने विकतात, तत्काळचा अधिभार न लावता. सुट्टीच्या गर्दीत त्यावर भिस्त ठेवू नका. पावसाळ्यातल्या मंगळवारी-बुधवारी मात्र बघायला हरकत नाही.

उन्हाळ्यात केरळला जायचंय. एसी हवा, पण थ्री टायरचं भाडं जड जातं. (एक वाचक, ठाणे)

गरीब रथ बघा. लोकमान्य टिळक टर्मिनसहून तिरुवनंतपुरम नॉर्थपर्यंत जातो. हे स्टेशन पूर्वी कोचुवेली होतं, नाव बदललंय, जुन्या नावाने शोधत बसू नका. या गाड्या २००६मध्ये सुरू झाल्या. पूर्ण एसी आणि भाडं साध्या थ्री टायर एसीपेक्षा कमी. चादर-ब्लँकेटचे पैसे तिकिटात धरलेले नसतात, घरून नेलं की झालं. बाजूच्या बर्थलाही काही डब्यांत मधला बर्थ असतो. त्यावर उंच माणसाचे हाल होतात. बर्थची पसंती देताना हे लक्षात ठेवा.

ती मिळाली नाही तर थ्री इकॉनॉमी. २०२१पासून सुरू झालेला हा वर्ग थ्री टायर एसीपेक्षा थोडा स्वस्त असतो. डब्यात बर्थ जास्त बसवलेत, म्हणून पाय थोडे आखडतात. मला स्वतःला तो चालतो. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा.

आम्ही दोघं पेन्शनर. नाशिकरोडहून वाराणसी, गया, पुरी, मग रामेश्वर करून घरी यायचं मनात आहे. ज्येष्ठांची सवलत परत सुरू झाली का? प्रत्येक टप्प्याचं वेगळं तिकीट काढलं तर फार खर्च येतो. (एक पेन्शनर, नाशिक)

सवलत नाही. मार्च २०२०मध्ये बंद झाली ती बंदच आहे. पूर्वी पुरुषांना ४० आणि महिलांना ५० टक्के होती. हा विषय निघाला की खिडकीवर मला ऐकून घ्यावं लागायचं, जणू मीच बंद केली.

पण तुमच्या पत्राने मला आनंद झाला. हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा आणि कोणीच विचारत नाही. तुम्हाला हवं आहे ते चक्रीय प्रवासाचं तिकीट, सर्क्युलर जर्नी. ज्या स्टेशनातून निघायचं तिथेच परत यायचं आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी थांबायचं. तुमच्या यादीत चारच ठिकाणं आहेत. म्हणजे वाटेत तिरुपती करायचं असेल तर तेही बसतं.

भाडं कसं लावतात ते नीट बघा. सगळ्या प्रवासाचं एकूण अंतर घेतात, त्याचे दोन समान भाग करतात आणि प्रत्येक भागाला एका सरळ प्रवासाचं भाडं लावतात. समजा, तुमचा फेरा ५००० किलोमीटरचा झाला, तर २५०० किलोमीटरची दोन भाडी. हाच फेरा पाच तुकड्यांत काढलात तर प्रत्येक तुकडा पहिल्या महाग किलोमीटरपासून सुरू होणार. आधीच्या उत्तरातला उतरता दर इथे तुमच्या बाजूने काम करतो.

हे तिकीट मोबाईलवर मिळत नाही. आधी घरी बसून कागदावर मार्ग लिहा. कुठून कुठे, कुठल्या गाडीने, कुठे किती दिवस थांबणार. तो कागद घेऊन मोठ्या स्टेशनातल्या मुख्य आरक्षण सुपरवायझरकडे किंवा विभागाच्या वाणिज्य कार्यालयात जा. तिथून अंतर आणि भाडं ठरून मिळतं, तिकीट बनतं. त्यानंतर प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करायचं. त्याचं आरक्षण शुल्क आणि सुपरफास्टचा अधिभार टप्प्यागणिक लागतो. तो भाड्यात धरलेला नसतो, तेव्हा बजेटमध्ये धरा.

खिडकीवरच्या नव्या मुलाने ‘असलं काही नसतं’ म्हटलं तर त्याच्यावर चिडू नका. त्याने हे तिकीट कधी पाहिलेलं नसेल, आमच्या वेळीही क्वचितच कोणी मागायचं. शांतपणे सुपरवायझरला भेटायचं आहे म्हणा. आणि सकाळी आठच्या गर्दीत जाऊ नका. दुपारी जेवणानंतर जा, तेव्हा माणसं ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतात.

साठ दिवसांची मुदत प्रत्येक टप्प्याला वेगळी लागते. एकाच दिवशी सगळं आरक्षण होईलच असं नाही. घाई नसेल तर मुक्काम थोडे आटोपशीर ठेवा, म्हणजे शेवटचा टप्पाही मुदतीत येतो.

माझ्या भावाला कॅन्सरच्या उपचारासाठी चंद्रपूरहून मुंबईला वारंवार न्यावं लागतं. प्रत्येक वेळी माझं आणि त्याचं पूर्ण भाडं भरतो. काही सवलत आहे का? (एक भगिनी, चंद्रपूर)

आहे, आणि ती आजवर तुम्हाला कोणी सांगितली नाही याचं मला वाईट वाटतं. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाता-येताना स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये भाडं शंभर टक्के माफ आहे. सोबतच्या एका माणसाला याच दोन वर्गांत ७५ टक्के सवलत. टू टायर आणि फर्स्ट एसीला दोघांनाही ५० टक्के.

यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ते उपचार करणाऱ्या हॉस्पिटलात भरून, सही-शिक्का करून मिळतं. पुढच्या वेळी तिथे गेलात की मागून घ्या. साध्या लेटरहेडवरची चिठ्ठी चालत नाही. तिकीट खिडकीवर काढायचं. आणि तत्काळला कुठलीच सवलत मिळत नाही. म्हणून पुढच्या तपासणीची तारीख डॉक्टरांनी दिली की त्याच दिवशी तिकीट काढा, परतीचंही.

तारीख अचानक आली आणि वेटिंग लागलं तर इमर्जन्सी कोट्यासाठी विभागीय कार्यालयात लेखी अर्ज करता येतो. सोबत हॉस्पिटलचे कागद आणि पीएनआर जोडा. जागा मिळेलच अशी खात्री नाही, पण आजारपणाचा अर्ज बाजूला टाकत नाहीत.

तत्काळचं तिकीट स्वस्तात मिळवायची काही युक्ती? (एक वाचक, पुणे)

नाही. स्लीपरला माणशी १०० ते २०० रुपये जास्त, थ्री टायर एसीला ३०० ते ४००, टू टायरला ४०० ते ५००. चौघांचं कुटुंब थ्री टायरने निघालं तर एका बाजूलाच बाराशे ते सोळाशे वर गेले. प्रीमियम तत्काळला तर भाडं मागणीप्रमाणे चढत जातं, त्याकडे मी बघतही नाही. आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत नाहीत.

घ्यावंच लागलं तर: एसी सकाळी १०, बिगर-एसी ११, गाडी मूळ स्टेशनातून सुटण्याच्या आदल्या दिवशी. १ जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी लागते. नंतर ओटीपीही आला, मोबाईल चार्ज करून ठेवा. पहिली ३० मिनिटं एजंटांना बंदी आहे. म्हणजे ‘मी दहा वाजता काढून देतो, पाचशे जास्त द्या’ म्हणणारा माणूस तुमच्यापेक्षा आधी पोचत नाही. त्याला पाचशे कशाचे देता?

मी तिकीट काढलं आणि आता माझ्याऐवजी धाकटा भाऊ जाणार. रद्द करून नवीन काढू? (एक वाचक, सांगली)

अजिबात नको. रद्द केलं तर स्लीपरला माणशी निदान १२० आणि थ्री टायरला १८० रुपये कापतील, उशीर कराल तसे आणखी. शिवाय नवीन तिकीट वेटिंगमध्ये जाईल. कन्फर्म तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्या नावावर करता येतं. गाडी सुटायच्या २४ तास आधी खिडकीवर अर्ज द्या. तिकिटाची प्रत, दोघांची ओळखपत्रं आणि नातं दाखवणारा कागद, रेशनकार्ड असलं तर उत्तम. हे एकदाच करता येतं. मित्राच्या नावावर होत नाही.

नांदेडहून दिल्लीला परीक्षेला जायचंय, पैसे फार कमी आहेत. जनरलने जावं का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

परीक्षेला जाताना नको. रात्रभर बसायला जागा मिळाली नाही तर पेपर कसा देणार? स्लीपर घ्या. बर्थच्या पसंतीत वरचा बर्थ मागा, दिवसाही कोणी उठवत नाही. दिल्लीला जाताना कन्फर्म स्लीपर आणि परतताना घाई नसेल तर जनरल, एवढी तडजोड ठीक आहे. दोनशे किलोमीटरपेक्षा लांबचं जनरल तिकीट तीन दिवस आधी काढता येतं. परीक्षा संपल्यावर स्टेशनात रांगेत उभं राहायला नको. मात्र सुपरफास्टने येणार असाल तर तिकीट सुपरफास्टचंच मागा. साध्या एक्स्प्रेसचं जनरल तिकीट घेऊन सुपरफास्टमध्ये बसलात तर टीसी फरकाबरोबर दंडही लावतो.